मॅच संपेपर्यंत

नाही, कुणी बसलेलं नाहीये तिथे. बसा ना, पिशवी उचलते मी. म्हणजे — एवढं सगळं स्टँड रिकामं पडलंय, त्या तिकडे तर सावलीसुद्धा आहे, पण बसा, बसा. मराठी बोलणारं कुणी भेटलं की बरंच वाटतं. फक्त एक विचारू? राग मानू नका. तुम्ही आल्या आल्या सरळ मराठीतच विचारलंत, 'इथे कुणी आहे का?' म्हणून. ओळखलंत कशावरून? टिकली नाही, मंगळसूत्र मी घालत नाही — ती ओढते — वर टोपी आहे, गॉगल आहे. फोनवर बोलताना ऐकलंत? हो, फोन कानाला होता खरा, पण तिकडून कुणी उचललाच नाही, मग मी बोलले तरी काय असणार? 'देवा' म्हणाले? असेल. देवा म्हणजे देव नव्हे हं, माझा धाकटा भाऊ, देवदत्त. मास्ट्रिख्टला पीएच.डी. करतोय. त्यालाच लावत होते. असो. नसेल पटलं तरी पटवून घेते, काय करणार, सवय झालीय आताशा — कुणी नुसतं 'कशी आहेस' विचारलं तरी मी आधी मनात बघते की याला माहिती कशाला हवीय.

हो, बेसबॉलला पहिल्यांदाच आलेय. दिसतंच ना? क्रिकेट मात्र खूप पाहिलंय हो, मी आणि देवा, सुट्टीत दिवस दिवस टीव्हीसमोर, बाबा येऊन बटण बंद करेपर्यंत. म्हणून म्हटलं बॅट आहे, बॉल आहे, कळेल. तर मघाशी त्या निळ्या शर्टवाल्यानं काय सुंदर मागे मारला, अगदी लेट कट — मी उठून टाळ्या वाजवल्या. एकटी! सगळ्या स्टँडमध्ये एकटी. ते पुढचे बिअरवाले आजोबा वळून बघायला लागले, काय बाई आहे म्हणून. मागे गेला की फाउल असतो हे मला कोण सांगणार? त्यानंतर मी त्यांच्याकडे बघूनच टाळ्या वाजवते. ते वाजवतात, मी वाजवते. ते 'ओऽ' म्हणतात, मी पण 'ओऽ'. आणि बॅट काय फेकतात हो! देवानं एकदा आउट झाल्यावर बॅट फेकली होती तर बाबांनी ती माळ्यावर टाकली, दिवाळीपर्यंत खाली काढली नाही. इथे मारला की फेकली, आणि पळाले.

तुम्ही नेहमी येता? उशी आणलीय बसायला, म्हणजे नेहमीच्याच. छान. नाही, मला आवडत नाही असं नाही. ते प्रत्येक बॅटवाला आला की त्याच्या आवडीचं गाणं चार ओळींपुरतं लावतात ना, ते मला फार आवडलं. मी विचार करत होते, मी सकाळी उठून स्वयंपाकघरात जाताना माझं कुठलं लावतील. बहुतेक नुसता बॉटल उकळायचा आवाज. आणि तळलेले बटाटे इथले बरे आहेत, कॅन्टीनमधले, गरम होते. मी गरम खाल्ले. दोन्ही हातांनी. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण — किती वर्षांची आहेत तुमच्या घरी मुलं? मोठी झाली. मग विसरला असाल.

दहा महिन्यांची आहे. मुलगी. अकरावा लागलाय. नाव? नाव... राहू द्या ना. नाही हो, तसं काही नाही, मी सांगत नाही कुणाला. हसा तुम्ही, मीही हसते. लोकांचा डेटा सुरक्षित ठेवायची नोकरी माझी, ऑफिसात मला काही कुणाच्या नजरेबिजरेची भीती वाटत नाही, पण घरी आले की फोटो नाही, स्टेटस नाही, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोक पेढे मागून थकले. रुचिर म्हणतो, तू तिला बँकेच्या पासवर्डसारखी वाढवतेयस. रुचिर म्हणजे माझा नवरा.

तिकीट त्यानंच काढलं. आणि तिथेच, बघा, तिथेच मला पहिल्यांदा वास आला. लग्न झाल्यापासून या माणसानं मला आपणहून कसलंच तिकीट काढून दिलेलं नाही. आणि काढलं ते एकच. 'तुला क्रिकेट आवडतं ना, मग हेही आवडेल, घराजवळच आहे, सायकलनं जा. मोकळी हो जरा. तिच्याकडे मी आणि आई बघतो.' आई म्हणजे त्याची आई, पुण्याहून आल्यात, मंगळवारी परत जायच्यात. वर अट काय, तर मॅच संपेपर्यंत फोन करायचा नाही. 'नाहीतर तू तिथे बसून इथलंच चालवशील.' आता तुम्ही सांगा, हे वाक्य प्रेमाचं आहे की — म्हणजे असेलही प्रेमाचं. बाळांच्या तपासणी केंद्रातली ती नर्ससुद्धा हेच म्हणाली होती, आईनं स्वतःसाठी वेळ काढायला हवा, मान तिरकी करून. मला तेव्हा वाटलं, हिला रुचिरनंच पढवलंय. बघा म्हणजे. डच बाई, तिचा माझा काय संबंध. मी मलाच सांगते, स्नेहल, सगळं जग काही तुझ्याविरुद्ध मीटिंग घेत नाहीये. आणि मग मीच मला विचारते, पण घेत असलं तर तुला आमंत्रण येईल का?

हो, स्नेहल. तुम्ही? मंजूषाताई. बरं.

फोन करायचा नाही म्हणजे त्याला करायचा नाही. देवाला करायला कुणी मनाई केलीय? पण देवाही उचलत नाहीये. आणि देवा असा नाही हो. तो परीक्षेच्या हॉलमधूनसुद्धा उचलेल.

अहो ते बघा, ते बघा! तो तिकडे, पांढऱ्या रेषेपलीकडे उभा आहे तो — खेळत नाही काही नाही, नुसता उभा — टोपीला हात, मग नाक, मग पट्टा, मग दंडावरून हात फिरवला. मी मघापासून बघतेय. आधी वाटलं डास चावतायत. कोच आहे? आणि ते बॅटवाल्याला सांगणं चाललंय? आणि मधले निम्मे इशारे खोटे, समोरच्यांना कळू नये म्हणून? खरंच? म्हणजे आमच्याच घरातलं यांनी मैदानावर आणून ठेवलंय म्हणायचं! शप्पथ. गेला आठवडाभर हेच बघतेय मी. मी स्वयंपाकघरात गेले की आई चष्मा काढून पुसायला लागतात. चष्मा पुसला की रुचिर घसा साफ करतो. परवा मी न्हाऊन बाहेर आले तर दोघं एकदम इथल्या हवेवर बोलायला लागले. आई आणि हवा! महिनाभर आहेत इथे, पाऊस असो वारा असो, एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि परवा एकदम म्हणाल्या, 'ढग आलेत गं.' बाहेर लख्ख ऊन. आता यात खरा इशारा कुठला आणि खोटा कुठला, मी कसं ओळखायचं? मी समोरची टीम झालेय, मंजूषाताई. माझ्याच घरात.

चिवडा? नको. बरं, द्या थोडा.

नाही, नुसता संशय नाहीये, ऐका तर. आईंनी पुण्याहून येताना सामानात पाट आणलाय. पाट! लाकडी! विमानात वजनाची मारामार, लोक भाजणी आणतात, मेतकूट आणतात. मला म्हणाल्या, बसायला. गुडघ्यांमुळे ज्या सोफ्यावरून खाली उतरत नाहीत त्या पाटावर बसणार? दुसरं, मला सहज विचारलं, इथे न्हावी घरी येतो का गं? म्हटलं कुणासाठी? तर म्हणाल्या, काही नाही, आपली माहिती. तिसरं — रुचिरचा ट्रिमर. दाढी वाढवलीय त्यानं, हिवाळ्यापासून हात लावलेला नाही, आणि काल रात्री दूध काढायला उठले तर ट्रिमर चार्जिंगला. कुठे? फ्रिजच्या मागे. बाथरूमचा प्लग काय गेलाय? आणि चौथं म्हणजे देवा. सकाळी एकदा उचलला त्यानं. म्हणाला, ताई, लॅबमध्ये आहे, नंतर करतो. आणि मागून बाई डचमध्ये सांगतेय, पुढचं स्टेशन आइंडहोवन. लॅबमध्ये! मी म्हटलं, हो का, नीट काम कर हं. तोवर मला बेरीज यायची होती. ती इथे येऊन बसल्यावर आली, दुसऱ्या इनिंगला. पाट, ट्रिमर आणि मामा.

जावळ. जावळ काढतायत तिचं. मला इथे पाठवून.

हो ना, मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, म्हणून तर त्याला बोलावलं. वर्षाच्या आत व्हायला हवं, आणि आई मंगळवारी चालल्या. त्यांनी मला विचारलं नाही असं नाही, विचारलं, दोनदा विचारलं, चांगल्या शब्दांत विचारलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं. मग विषयच बंद झाला, आणि मला वाटलं मी जिंकले. इथे कसं, बॅटवाल्यानं मारला नाही की वाटतं काही झालंच नाही, आणि तोवर मागे कुणीतरी पळून पुढच्या कोपऱ्यावर पोचलेला असतो. मघाशी नाही का तो उंच माणूस पळाला, बॉल टाकणाऱ्याची पाठ होती तेव्हा? मी म्हटलं, ही तर फसवणूक झाली, आउट द्या त्याला. आणि सगळे टाळ्या वाजवतायत. चोरी म्हणतात त्याला आणि चालते. आजोबांनी मला इंग्रजीत समजावलं — लक्ष त्यानं ठेवायला हवं होतं, म्हणाले, ज्याच्या हातात बॉल आहे त्यानं.

कारण काय म्हणजे? केसांचं काय एवढं, असंच ना? रुचिरही हेच म्हणतो. नाही हो, धर्माबिर्माचं काही नाही माझं, मी अगदी परंपरेला विरोध वगैरे करणारी पण नाही, बारशाला मी नऊवारी नेसले होते, इथल्या थंडीत. केस परत येतील, तेही कळतं. कारण केस नाहीतच. टाळू. तुम्ही लावलाय कधी हात? म्हणजे लावलाच असेल, तुमची दोन मुलं. ती जागा — इथे, कपाळाच्या वर — हाड नाही तिथे. कातडी आणि खाली थेट ती. उडत असते. झोपेत उडते, दूध पिताना जोरात उडते. मला डॉक्टरांनी सांगितलंय, वाचलंयही मी सगळं, कातडी दिसते तेवढी नाजूक नसते, दीड वर्षापर्यंत भरून येते, सगळं पाठ आहे. पण पाठ असून काय उपयोग, हात कुठे ऐकतो? रात्री मी उठते आणि दोन बोटं ठेवते. उडतंय ना बघते. मग झोपते. मग वाटतं, मघाशी उडत होतं ते तिचं की माझ्याच बोटातलं? मग परत उठते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ओळख नाही म्हणून असेल.

आणि त्या जागेवरून हे मशीन फिरवणार. कोण? रुचिर! ज्यानं तिच्या डोक्यावरून आजपर्यंत एकदा पाणी घातलेलं नाही. नाही, त्याचा दोष नाही, तो म्हणतो घालतो म्हणून, सुरुवातीला रोज म्हणायचा. मी देत नाही. आंघोळ मीच घालते. टोपी मी घालते, तेल मी लावते. आईंना तेल लावायचं होतं, पुण्याहून बदामाचं आणलं त्यांनी, मी म्हटलं डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. त्या बाटलीचं बूच अजून उघडलेलं नाही. आता मोठ्यानं बोलल्यावर मला ऐकू येतंय हे कसं वाटतंय ते. दहा महिन्यांत तिच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणी — हो. कुणीच. मी झोपते तेव्हा तिला टोपी घालून झोपवते. उन्हाळ्यातसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, ही बाई...

नाही ना म्हणत? बरं. तुम्ही फार कमी बोलता. चांगलं आहे. नाहीतर लोक लगेच उपाय सांगतात.

हो, कळतंय मला, काही होणार नाही भार्गवीला, लोकांची मुलं नाही का वाढत, रुचिर काही हात थरथरणारा माणूस नाही, आणि देवा धरेल तिला घट्ट, ती त्याच्याकडे राहतेही, सगळ्यात जास्त त्याच्याकडेच — थांबा.

काय म्हणालात तुम्ही आत्ता?

नाही, मी नाही म्हटलं. आधी तुम्ही म्हटलंत. मी तुमच्या मागून म्हटलं, तोंडात शब्द बसलेला म्हणून. 'भार्गवीला काही होणार नाही.' मी नाव सांगितलं नव्हतं, मंजूषाताई. तुम्ही विचारलंत, मी राहू द्या म्हटलं. एवढा वेळ मी 'ती, ती' करतेय.

रुचिरनं पाठवलं ना तुम्हाला?

नका बघू मैदानाकडे. तिकडे काही घडत नाहीये, तो माणूस नुसता थुंकतोय. इकडे बघा. — ऑफिसात? त्याच्याच? त्याच मजल्यावर. वा. आणि तुम्ही इथे नेहमी येता हे त्याला माहीत, म्हणून हेच मैदान, म्हणून हेच तिकीट. क्रिकेट कसलं नि काय कसलं! काय सांगितलं त्यानं? अगदी त्याच्या शब्दांत सांगा. 'शेजारी बसा. बोलत ठेवा. मॅच संपेपर्यंत उठू देऊ नका.' आणि तुम्हाला काही वाटलं नाही? मी वेडी आहे असंही सांगितलं असेल. काळजी वाटते म्हणाला? सगळेच काळजी वाटते म्हणतात. आणि बोलत ठेवा — तेवढे कष्ट तुम्हाला पडलेच नाहीत, हो ना? मीच बोलतेय. तुम्ही नुसता चिवडा पुढे केलात. तोही त्यानंच दिला होता की काय? नाही, तुमचा आहे, कळलं, चांगला झालाय, पण मला आता नको.

आणि मला ना, खरं सांगू, एकाच वेळी रडूही येतंय आणि बरंही वाटतंय. म्हणजे मला भास होत नव्हते. आठवडाभर मी समजत होते की माझं डोकं फिरत चाललंय, रात्री मी फोनवर शोधून वाचत होते, नव्या आईला संशय येणं हे कशाकशाचं लक्षण आहे ते. सगळी लक्षणं जुळत होती. आणि इथे तर खरंच पाट होता, खरंच ट्रिमर होता, खरंच माझा भाऊ खोटं बोलून गाडीत बसला होता! आता यांच्याशी भांडू कसं, आधी आभार मानायला हवेत.

काय झालं? सगळे उठतायत. संपली? नऊ इनिंग झाल्या ना? तिकडे फलकावर बघा, चार-चार. बरोबरी. चला. संपली, मॅच बरोबरीत सुटली, माझं वचनही सुटलं. पिशवी द्या ती. — काय नाही? बरोबरी नसते म्हणजे? असं कसं? क्रिकेटमध्ये पाच पाच दिवस खेळून बरोबरीत सोडतात, लोक हात मिळवून घरी जातात. इथे कुणीतरी जिंकेपर्यंत चालूच? अंधार पडला तरी? आणि हे ठरवलं कुणी? रुचिरला माहीत होतं? नाही, त्याला कुठलं माहीत असायला, त्याला वाटलं असेल तीन तास म्हणजे तीन तास. लोक पाय मोकळे करायला उठलेत नुसते. हो का.

जाऊ म्हणता? आता तुम्हीच जा म्हणताय? मॅच संपायच्या आत? जाते ना. सायकल गेटपाशीच आहे. दहा मिनिटं लागत नाहीत, वारं समोरून असलं तरी. मी दारात जाऊन उभी राहिले की सगळं थांबेल, माझा चेहरा बघूनच थांबेल.

जाते.

बसलेच आहे ना अजून? तुम्हाला दिसतंय, मला दिसतंय. दुसऱ्या इनिंगलाच कळलं होतं मला. तेव्हाच उठायला हवं होतं. कुठल्याही आईनं उठायला हवं होतं. मी काय केलं, तर मी कॅन्टीनमध्ये जाऊन बटाटे आणले. मेयोनीजसकट. आणि मग तो निळ्या शर्टवाला आला आणि त्यानं असा उंच मारला, विमान चाललं होतं वरून त्याच्या पोटाला लागेल इतका, आणि आम्ही सगळे, मी, आजोबा, सगळे माना वर करून — आणि तो झेलला गेल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मला ती आठवलीच नव्हती. टाळू आठवली नव्हती. काहीच आठवलं नव्हतं. रिकामं. कुणी खोलीतला पंखा बंद केल्यावर कळतं ना की इतका वेळ आवाज येत होता, तसं. आणि मी इतकी घाबरले त्यानं, मंजूषाताई, की लगेच देवाला फोन लावायला घेतला. तो लावत होते तेव्हाच तुम्ही आलात. मी त्यांना पकडायला लावत नव्हते. मी बघत होते की मला अजून काळजी वाटतेय ना.

हे तुम्ही रुचिरला सांगणार. सांगा. नाही सांगणार? बरं. का विश्वास ठेवू? ठेवते. दुसरं कोण आहे आत्ता.

तुमचा फोन द्या. माझा नाही उचलायचे ते, तुमचा उचलतील. द्या हो. मी काही ओरडणार नाही. ओरडले तरी इथे कुणाला कळणार.

बघा, पहिल्या रिंगला! 'बोला ताई' म्हणतोय. — ताई नाही, मी बोलतेय. मी. हो. नाही संपली अजून, चालू आहे, इथे बरोबरी नसते. ते सोड. काही बोलू नकोस, फोन स्पीकरवर टाक आणि ठेव कुठेतरी. देवा आहे ना तिथे? देवा, लॅब कशी आहे? हं. रडू नकोस, गाढवा. किती झालंय? अर्धं म्हणजे कुठलं अर्धं? डावी बाजू. आणि टाळू? अजून नाही. थांबा मग. कुणी हात लावायचा नाही, कुणी म्हणजे कुणी, मी येतेय. — आई, नमस्कार, हो, तुमच्याशीही बोलायचंय, पण आत्ता नाही. — हे कोण हसतंय? रुचिर, कोण हसतंय तिथे? मग कोण? ती? ती नाही अशी हसत. मला माहितीये ना ती कशी हसते, उचकी लागल्यासारखी हसते, हे तर... मशीन बंद कर बघू. बंद कर म्हटलं ना.

रडायला लागली, मंजूषाताई. मशीन बंद केलं तर रडायला लागली.

चालू कर. अरे, चालू कर ना.

हसतेय. ऐका. गुदगुल्या होत असतील. — नाही, रुचिर, तुझ्याशी नाही बोलत मी. तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे, आणि ते तुला आवडणार नाही, पाट परत सामानात भरेपर्यंत बोलणार आहे. पण आता अर्ध्या डोक्याची ठेवणार का तिला? ऐक. टाळूवर वस्तरा नाही, हेच मशीन, आणि दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. थांब, आधी मशीन नको. आधी हात ठेव. तुझा. स्वच्छ आहे ना? कपाळाच्या वर, मधोमध, दोन बोटं. ठेवलीस? रुचिर?

हो. उडतं ते. घाबरू नकोस. तसंच असतं, रे. मलाही वाटतं तसं, रोज वाटतं. नाही, काही होत नाही, काढू नकोस हात. तसाच ठेव थोडा वेळ.

अहो, काय झालं? का ओरडतायत सगळे? जिंकले? कोण, आपण? बरं झालं, बरं झालं हो, आजोबा, पण जरा हळू — मंजूषाताई, सांगा ना यांना. ऐकू येत नाहीये मला. शूऽ.